गाजर पौष्टिक, पण कोणासाठी?

काही दिवसांपूर्वी विज्ञान दिनाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळेत जाण्याचा योग आला. नववीच्या विद्यार्थ्यांनी मांडलेल्या प्रदर्शनात एका तक्त्यापुढे बरीच गर्दी होती. तक्त्याचे शीर्षक होते ‘आपल्या कुत्र्यासाठी पौष्टिक खाऊ’. डाव्या रकान्यात हिरव्या खुणेने गाजर, फरसबी, लाल भोपळा, रताळे, ब्रोकोली, झुकिनी आणि सेलरी ही नावे होती. उजव्या रकान्यात लाल फुलीने कांदा, लसूण, द्राक्षे, ॲव्होकॅडो आणि हिरवा पडलेला बटाटा. खाली ठळक अक्षरांत एक ओळ होती : ‘भाज्या खाणाऱ्या कुत्र्यांत कर्करोगाचा धोका ९० टक्क्यांनी कमी!’

मुलांनी मेहनत मनापासून घेतली होती. अक्षर सुरेख, चित्रे त्याहून सुरेख. मी कौतुक करून पुढे निघणार, तोच मागून एका मुलीने विचारले, “मॅडम, आमच्या शाळेचा मोत्या तर भाकरी खाऊनच एवढा मोठा झाला. त्याला गाजर मिळालं नाही, तर त्याचं काय बिघडलं?”

मी काहीतरी उत्तर दिले. ते मोघम होते, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते, आणि मलाही कळत होते. परतीच्या एस.टी.त तो प्रश्न डोक्यातून जाईना. हा लेख म्हणजे त्या उशिरा सुचलेल्या उत्तराचा खटाटोप आहे.

असे तक्ते आता सर्वत्र दिसतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, पशुवैद्यांच्या दवाखान्यांच्या भिंतींवर, खाद्याच्या पिशव्यांच्या मागच्या बाजूला. मुलांनी त्यांतलाच एक उतरवून घेतला होता, त्यामुळे ही टीका मुलांवर नाही. टीका आहे ती तक्त्याच्या घाटावर. त्यात लिहिलेल्या बहुतेक गोष्टी सुट्या सुट्या घेतल्या तर खोट्या नाहीत. तरीही पूर्ण तक्ता वाचकाची दिशाभूल करतो, कारण तो ‘पौष्टिक’ हा गाजराचा अंगभूत गुण मानतो, जसा केशरी रंग हा गाजराचा गुण आहे. प्रत्यक्षात पौष्टिकपणा एकट्या पदार्थात नसतो. कोण खातो, किती खातो, कशाऐवजी खातो आणि त्याच्या बाकीच्या ताटात काय आहे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही. आपण हे प्रश्न एकेक करून घेऊ.

कोण खातो?

कुत्रा मांसाहारी, त्याला भाजीपाला कशाला, असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. तो आजच्या ज्ञानाला धरून नाही. २०१३ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडगे आणि कुत्रे यांच्या जनुकसंचांची तुलना ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थांचे विघटन करणारे ॲमायलेज हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात फक्त दोन प्रती आढळल्या. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत होत्या. कुत्र्याच्या स्वादुपिंडात हे जनुक लांडग्याच्या सुमारे अठ्ठावीस पट अधिक काम करते, असेही दिसले. माणसाने शेती सुरू केली, धान्य शिजवले, त्याचे उष्टे-खरकटे ज्यांना पचले ते कुत्रे टिकले, असा याचा सरळ अर्थ लावला जातो. ज्या कुत्र्यांचे पूर्वज शेतीपासून दूर राहिले, उदाहरणार्थ सायबेरियन हस्की किंवा ऑस्ट्रेलियातील डिंगो, त्यांच्यात या प्रती कमी आढळतात. यावरूनही तोच निष्कर्ष बळकट होतो.

म्हणजे मोत्याला भाकरी पचते, यात नवल नाही. त्याच्या पूर्वजांनी ते कौशल्य हजारो वर्षांत कमावले आहे. परंतु पिष्ट पचणे वेगळे आणि भाजीतला तंतुमय भाग पचणे वेगळे. सेल्युलोज तोडणारे विकर कुत्र्याकडे नाही, आपल्याकडेही नाही. कच्च्या गाजराचे तुकडे कुत्र्याच्या विष्ठेत जसेच्या तसे दिसतात, ते यामुळेच. गाजर किसून किंवा शिजवून दिले, तर त्याच्या पेशींच्या भिंती आधीच फुटतात आणि आतले कॅरोटीन थोडे अधिक हाती लागते.

आता जीवनसत्त्वांकडे वळू. ‘क जीवनसत्त्वाने समृद्ध’ हे विशेषण अशा तक्त्यांत वारंवार येते. आपल्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे, कारण माणसाचे शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. गिनीपिगलाही ते बनवता येत नाही. कुत्रा मात्र आपल्या यकृतात ते स्वतः तयार करतो. निरोगी कुत्र्याला आहारातून क जीवनसत्त्व मिळालेच पाहिजे, अशी गरज नाही. तेव्हा माणसाच्या आहारशास्त्रातले एक वाक्य उचलून कुत्र्याच्या तक्त्यावर चिकटवले, तर वाक्य खरे राहते, पण निरुपयोगी होते.

कॅरोटीनची गोष्ट याच्या उलट आहे. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनचे अ जीवनसत्त्वात रूपांतर करण्याची क्षमता कुत्र्यात आहे, मांजरात जवळपास नाही. एकाच गाजराबद्दलचे एकच विधान कुत्र्याच्या बाबतीत बरोबर आणि मांजराच्या बाबतीत चूक ठरते. ‘कोण खातो?’ हा प्रश्न पहिला का, हे दाखवणारे याहून सोपे उदाहरण वर्गात सांगायला मिळणार नाही.

नव्वद टक्क्यांची गोष्ट

आता त्या ठळक ओळीकडे येऊ. तिच्यामागे खरे संशोधन आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली ते प्रसिद्ध केले. स्कॉटिश टेरिअर या जातीच्या कुत्र्यांत मूत्राशयाचा एक विशिष्ट कर्करोग फार आढळतो. संकरित कुत्र्यांच्या तुलनेत हा धोका सुमारे अठरा ते वीस पट असल्याचे मानले जाते. संशोधकांनी हा कर्करोग झालेले ९२ आणि न झालेले, पण अन्य तक्रारी असलेले ८३ स्कॉटिश टेरिअर घेतले. त्यांच्या मालकांना प्रश्नावली दिली. रोगाचे निदान होण्यापूर्वीच्या वर्षात कुत्र्याला काय काय खाऊ घालत होता, असे विचारले. आठवड्यातून किमान तीन वेळा भाजी मिळणाऱ्या कुत्र्यांत हा कर्करोग कमी दिसला. हिरव्या पालेभाज्यांसाठी तुलनेचा आकडा होता ०.१०, आणि पिवळ्या-केशरी भाज्यांसाठी ०.३१. या ०.१० वरून ‘९० टक्क्यांनी कमी’ हे शब्द आले.

संशोधकांनी काम काळजीपूर्वक केले होते. वय, वजन, नसबंदी यांचा हिशेब त्यांनी धरला होता, आणि निष्कर्षाची भाषाही जपून वापरली होती : स्कॉटिश टेरिअरमध्ये काही भाज्यांमुळे हा कर्करोग टळू किंवा लांबू शकेल. तक्त्यावर येईपर्यंत या वाक्यातील ‘स्कॉटिश टेरिअर’ गळाले, ‘हा’ गळाले, ‘काही’ गळाले आणि ‘शकेल’ही गळाले. शिल्लक राहिला तो आकडा. तोही पालेभाज्यांचा होता, आणि तक्त्यावर तो मिरवत होता गाजराच्या चित्राखाली!

शिक्षकांनी हा आकडा फळ्यावर उलगडून दाखवावा, असे मला वाटते. त्यासाठी आपण काल्पनिक संख्या घेऊ. समजा, आजारी कुत्रे १०० आणि तुलनेसाठी निवडलेले कुत्रे १००. आजाऱ्यांपैकी १० जणांना पालेभाजी मिळत होती, ९० जणांना नाही. हे प्रमाण झाले १० भागिले ९०, म्हणजे ०.११. दुसऱ्या गटात ५० जणांना मिळत होती, ५० जणांना नाही, म्हणजे प्रमाण १. पहिल्याला दुसऱ्याने भागले की उत्तर ०.११. ‘धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी’ असे आपण म्हणून मोकळे होतो.

आता अशी कल्पना करा की आजारी कुत्र्यांच्या मालकांपैकी आणखी दहा जण भाजी देत होते, पण प्रश्नावली भरताना त्यांना ते आठवले नाही. कुत्र्याला कर्करोग झाला आहे, मन ठिकाणावर नाही, गेल्या वर्षी कधी काय दिले ते कोणाला नेमके आठवणार? मग आजाऱ्यांचे प्रमाण २० भागिले ८० होते, म्हणजे ०.२५. दहा माणसांच्या विस्मरणाने ९० टक्क्यांचे ७५ टक्के होतात. विद्यार्थ्यांनी ही संख्या पाच, पंधरा, वीस अशी बदलून पाहावी. लहान गटांवर उभा असलेला आकडा किती हलतो, ते त्यांना स्वतःच्या हाताने कळेल.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. कुत्र्याला आठवड्यातून तीनदा पालेभाजी देणारा मालक आणखी काय काय करत असेल? त्याला फिरायला नेत असेल, वजनावर लक्ष ठेवत असेल, बागेत कोणती औषधे फवारायची याचा विचार करत असेल. हा शेवटचा मुद्दा मी हवेतून आणलेला नाही. याच विद्यापीठातून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, हिरवळीवर विशिष्ट तणनाशके फवारली जात असलेल्या घरांतील स्कॉटिश टेरिअरमध्ये हाच कर्करोग अधिक आढळला होता. मग भाजीचा गुण कोणता आणि भाजी देणाऱ्या घराचा गुण कोणता, हे प्रश्नावलीतून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. काही कारणांचा हिशेब करता येतो, सगळ्यांचा नाही.

याचा अर्थ ते संशोधन टाकाऊ आहे असा मुळीच नाही. अशा पाहण्या पुढच्या प्रयोगाची दिशा दाखवतात, आणि ते काम मोलाचे असते. दिशादर्शक पाटीलाच मुक्कामाचे गाव समजणे, ही चूक मात्र वाचणाऱ्याची.

किती, आणि कशाऐवजी?

गाजराच्या बाजूने बोलण्यासारखे एक भक्कम कारण आहे. गंमत म्हणजे ते गाजरात काय आहे याचे नसून काय नाही याचे आहे.

घरात राहणाऱ्या, बेताची हालचाल करणाऱ्या १० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. खाऊ म्हणून दिलेल्या गोष्टींचा वाटा यातील दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे पशुवैद्यकीय आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलोकॅलरी झाल्या. १०० ग्रॅम गाजरात साधारण ४० किलोकॅलरी असतात, त्या हिशेबाने दीड-एकशे ग्रॅम गाजर, म्हणजे मध्यम आकाराची दोन गाजरे चालतील. ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४५० किलोकॅलरी असतात. तेव्हा ६० किलोकॅलरींत बसतील जेमतेम तीन छोटी बिस्किटे. चहाबरोबर आपण एक बिस्किट खातो, एक कुत्र्यापुढे टाकतो. घरात माणसे चार, चहा दिवसातून दोनदा. हिशेब वाचकांनीच करावा.

खाण्याचे एकूण प्रमाण किती महत्त्वाचे आहे, याचा एक खराखुरा प्रयोग उपलब्ध आहे. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. लॅब्रेडॉर जातीच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावल्या गेल्या. जोडीतल्या एकाला जेवढे अन्न मिळे, त्यापेक्षा दुसऱ्याला २५ टक्के कमी, आणि तेही जन्मभर. अन्न दोघांचे एकच होते. अधिक खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान ११.२ वर्षे भरले, कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे. येथे कोणाच्या आठवणीवर विसंबायचे नव्हते, अन्न मोजून दिले होते, आणि दोन्ही गटांत फरक होता तो फक्त मापाचा. पौष्टिक खाऊंच्या याद्या मोठ्या होत असताना, पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत भक्कम सल्ला ‘थोडे कमी द्या’ हाच आहे. तो तक्त्यावर नसतो. चित्र तरी कशाचे काढणार?

तेव्हा बिस्किटाऐवजी गाजर दिले तर लाभ आहे. बिस्किटाशिवाय गाजरही दिले तर लाभ नाही. आणि जेवणाऐवजी गाजर दिले तर? हे मी स्वतःच्या घरी शिकले आहे, म्हणून सांगते.

आमच्याकडे दहा वर्षांची एक लॅब्रेडॉर कुत्री होती. तिचे वजन ३४ किलोंवर गेले. पशुवैद्यांनी ते कमी करायला सांगितले. मी जीवरसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेतलेली, तेव्हा हे काम सोपे आहे असे मला वाटले. तिचे नेहमीचे तयार खाद्य मी निम्म्यावर आणले आणि उरलेला वाडगा उकडलेल्या फरसबीने आणि गाजराने भरला. वाडगा भरलेला, कुत्री समाधानी, वजन झपाट्याने खाली. तीन महिन्यांनी मोठ्या अभिमानाने मी तिला तपासायला नेले. डॉक्टरांनी तिच्या पाठीवरून, मग मांड्यांवरून हात फिरवला आणि विचारले, “बाई, चरबी गेली की मांस गेलं?”

तेव्हा कुठे मी कागद-पेन्सिल घेतली. खाद्य निम्मे केल्यावर ऊर्जा निम्मी झाली, तशीच प्रथिनेही निम्मी झाली होती. ऊर्जा कमी करायची म्हणून प्रथिनांची गरज कमी होत नाही. उतारवयात तर स्नायू टिकवण्यासाठी ती अधिक जपावी लागतात. १०० ग्रॅम गाजरात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम, फरसबीत दोनच्या आसपास. वाडगा भरला होता तो पाण्याने आणि तंतूंनी. वय झाले होते, सांधेही दुखत होते, त्यामुळे सगळा दोष आहाराचाच होता असे मी म्हणणार नाही. पण ‘कशाऐवजी?’ हा प्रश्न विचारायला मी विसरले होते, एवढे खरे. प्रथिनांचे प्रमाण अधिक आणि ऊर्जा कमी, असे खाद्य ठरवून घेतल्यावर ती हळूहळू सावरली. तरी लादीवरून उठताना तिची होणारी धडपड मी विसरलेले नाही.

बाकीच्या ताटात काय आहे?

वर सांगितलेल्या दहा टक्क्यांच्या नियमात एक गृहीतक दडलेले आहे. उरलेले नव्वद टक्के संतुलित आहेत, हे ते गृहीतक. हे तक्ते ज्या देशांत तयार झाले, तेथे घरोघरच्या कुत्र्यांना बहुधा कारखान्यात बनवलेले, ठरावीक मानकांनुसार सर्व घटक घातलेले खाद्य मिळते. त्यावर गाजराचा तुकडा हा निव्वळ खाऊ असतो. आपल्याकडच्या असंख्य घरांत कुत्र्याचे जेवण म्हणजे पोळी-दूध किंवा दूध-भात. हे नव्वद टक्के कसे आहेत?

विज्ञानाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच हाताळला आहे. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी १९१८-१९च्या सुमारास कुत्र्यांची पिल्ले प्रामुख्याने धान्याच्या आहारावर वाढवली. पिल्लांना मुडदूस झाला, त्यांची हाडे वाकली. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्यावर हा रोग टळला. ड जीवनसत्त्वाच्या शोधाकडे नेणारा हा प्रयोग होता. आपण ड जीवनसत्त्व उन्हात त्वचेमध्ये बनवतो, कुत्र्याच्या त्वचेत ते पुरेसे बनत नाही, त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. पुढे १९३७ साली अमेरिकेत कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांच्या ‘काळी जीभ’ या रोगावर निकोटिनिक आम्ल हा उपाय शोधला. माणसातील पेलाग्रा हा याच जातीचा रोग, आणि दोन्हींचा संबंध मक्यावर अवलंबून असलेल्या आहाराशी होता. ‘कुत्र्याला केवळ धान्यावर ठेवले तर काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने आपल्या पाठ्यपुस्तकातील जीवनसत्त्वांच्या धड्यामागेच उभे आहे.

गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. पिठात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम त्या मानाने फारच थोडे, तर वाढत्या पिल्लाच्या हाडांना कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे अधिकच हवे असते. दुधाने दोन्ही उणिवा काही अंशी भरून निघतात, पण वाडग्यातले दूध पाणी घालून पोळी भिजण्यापुरते असले, तर ती भर पुरत नाही. यातली कोणती उणीव गाजराने भरून निघते? ड जीवनसत्त्व गाजरात नाही. लायसिन आणि कॅल्शियम नावापुरते. पोळी-दुधावर वाढणाऱ्या पिल्लाला गाजर देऊन आपण पौष्टिक आहार दिला असे समाधान मानणे, ही या तक्त्याची सर्वांत महाग पडणारी चूक आहे. अशा पिल्लाला उकडलेले अंडे जे देईल, ते भाज्यांचा सगळा हिरवा रकाना देऊ शकणार नाही. शाकाहारी घरांत हा प्रश्न नाजूक असतो, याची मला जाणीव आहे. तेथे दही, पनीर, डाळी यांचा आधार घेता येतो, पण प्रमाण ठरवण्यासाठी पशुवैद्याशी बोलणे आवश्यक आहे. गाजर हा त्यावरचा तोडगा नव्हे.

लाल फुलीचा रकाना

धोक्याच्या यादीतही तोच दोष आहे. तेथे मात्रा नाही आणि आपले स्वयंपाकघरही नाही.

कांद्यातील गंधकयुक्त संयुगांमुळे कुत्र्याच्या लाल पेशींतील हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण होते, पेशींत ‘हाइन्झ कण’ नावाचे पुंजके तयार होतात, आणि त्या पेशी फुटू लागतात. शिजवून, तळून किंवा वाळवून हा दोष जात नाही. मात्रेविषयी उपलब्ध माहिती अशी : शरीरवजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा एका वेळी पोटात गेल्यास विषबाधा आढळते. १० किलोच्या कुत्र्यासाठी हे झाले ५० ग्रॅम, म्हणजे अर्धा कांदा. नुसती लाल फुली पाहून कोणी घाबरतो, आणि खिचडीतला कांद्याचा एक तुकडा खाऊन कुत्र्याला काही झाले नाही, की तोच माणूस तक्ता खोटा ठरवून कांदाभज्यांची पुडी त्याच्यापुढे रिकामी करतो. मात्रा सांगितली असती, तर दोन्ही टळले असते. शिवाय लक्षणे लगेच दिसत नाहीत. थकवा, फिकट हिरड्या, गडद तांबूस लघवी ही चिन्हे काही दिवसांनी दिसतात, तोवर भजी कोणाच्या लक्षातही नसतात.

द्राक्षे आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे या शतकाच्या सुरुवातीस लक्षात आले. कारण मात्र वीस वर्षे सापडत नव्हते. २०२१ साली अमेरिकेतील विषबाधा-तज्ज्ञ पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. टार्टारिक आम्लाचा क्षार घातलेली घरगुती खेळण्याची कणीक खाऊन कुत्रे तसेच आजारी पडले होते, हा त्यांचा धागा होता. २०२२ साली त्यांनी आणखी एका पदार्थाची त्यात भर घातली : चिंच. आमटी, सार, चिंचेचा कोळ घातलेली भाजी आपल्याकडे रोजची, आणि तीच भातावर कालवून कुत्र्याला घालायची पद्धतही जुनी. परदेशी तक्त्यात ॲव्होकॅडोला जागा आहे, कारण तो त्यांच्या ओट्यावर आहे. आपल्या ओट्यावरच्या चिंचेला जागा नाही. पावसाळ्यात रस्त्यावर पडणारी मक्याची बुरकुंडे आणि उन्हाळ्यातल्या आंब्याच्या कोयी यांनाही नाही. या दोन्ही गोष्टी कुत्र्याच्या आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ आणतात.

तक्ता नव्याने लिहिताना

शिक्षकांना सुचवावेसे वाटते की असा तक्ता भिंतीवरून काढू नये. त्याला आणखी चार रकाने जोडावेत : कोणाला, किती, कशाऐवजी, आणि बाकी काय खातो. प्रत्येक विधानापुढे ते कशावरून कळले, तेही लिहावे : मोजून केलेल्या प्रयोगावरून, आठवणींच्या पाहणीवरून, की नुसते ऐकून. जे रकाने भरता येणार नाहीत, ते मोकळे ठेवावेत. मोकळा रकाना हा त्या तक्त्यातील सर्वांत प्रामाणिक भाग ठरेल. ब्रोकोलीच्या जागी आठवडे बाजारातली भाजी येऊ द्यावी, आणि मुलांनी आठवडाभर आपापल्या घरच्या कुत्र्याला काय मिळते, त्याची नोंद करावी. या नोंदी करतानाच आठवण किती फसवी असते, हेही त्यांच्या लक्षात येईल.

राहिला तो मोत्याचा प्रश्न. त्या मुलीला मी पत्र लिहिले. त्यातला मुख्य भाग असा :

“तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर अपुरे होते. गाजर मिळाले नाही म्हणून मोत्याचे काही बिघडलेले नाही. पण तो केवळ भाकरीवर वाढला, हेही तपासून पाहा. कोलकात्यातील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले की हे कुत्रे समोरच्या पदार्थांतून मांसाचा वास असलेला पदार्थ आधी निवडतात. मोत्याही दिवसभर हिंडतो, खानावळीमागची हाडे, उकिरड्यावरचे काहीबाही, कदाचित एखादा उंदीरही त्याला मिळत असेल. तुम्हाला दिसते ती भाकरी, कारण ती तुम्ही देता. तेव्हा एक दिवस तिघा-चौघांनी मिळून, दुरून, तो काय काय खातो ते लिहून काढा. शाळेच्या जेवणातले उरलेले त्याला घालाल, तेव्हा कांदा-लसणाचा रस्सा आणि चिंच बाजूला काढा. आणि तुमच्यापैकी कोणी घरी पिल्लू आणले असेल, तर त्याला मोत्यासारखे हिंडता येत नाही, हे विसरू नका. त्याच्या वाडग्यात तुम्ही घालाल तेवढेच त्याचे जग. तेथे गाजर नंतर येते.”

उत्तराची वाट पाहत आहे. नोंदी आल्या, तर त्या या पानांतून वाचकांपुढे ठेवीन.